केळं-अननस ब्रेड: ओलं आणि कोरडं एकत्र करण्याआधी

यीस्ट नसलेल्या ब्रेडचं पीठ तासन्‌तास फुगत ठेवावं लागत नाही, म्हणून बरेच जण तो करायला काहीच तयारी न करता उभे राहतात. खरी घाई इथेच असते. खायच्या सोड्याला फळातलं आम्ल मिळालं की वायू लगेच सुटायला लागतो. त्यानंतर तुम्ही साचा शोधत बसलात, तर ब्रेड दडदडीत होणार. तेव्हा पुढचं सगळं मिश्रण कालवण्याआधी उरकून ठेवा.

केळ्यांकडे दोन-चार दिवस आधीच बघायला हवं. पिवळीधमक केळी खायला छान, पण ब्रेडला काळे ठिपके पसरलेली, बोटाने दाबली की खचणारी हवीत, कारण पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते आणि वासही चढतो. वेळेआधीच पिकली तर सोलून फ्रीजरमध्ये टाका. वितळल्यावर त्यांना तपकिरी पाणी सुटतं, ते फेकू नका; छोट्या भांड्यात आटवून पुन्हा गरात मिसळा. दोन-तीन केळी म्हणून मोजू नका, गर तोला. २५० ग्रॅम मैद्याला २५० ग्रॅम गर पुरतो.

अननसाला जास्त सांभाळावं लागतं, कारण त्यात पाणी फार. ताजा असेल तर बारीक चिरून तव्यावर पाच-सात मिनिटं परता. तुकडे आक्रसून कडेला चिकटायला लागले आणि तव्यात रस दिसेनासा झाला की उतरवा. परतल्याने त्यातलं प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेनही निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो फक्त चाळणीत निथळून मुठीत घट्ट पिळा. कसाही असो, तयार तुकडे सव्वाशे ग्रॅमच्या वर नकोत आणि ते पूर्ण गार व्हायला हवेत. मधोमध ओला, चिकट पट्टा राहिलेला ब्रेड बहुतेक वेळा या पाण्यामुळेच बिघडलेला असतो, आणि बिचाऱ्या ओव्हनला नावं ठेवली जातात.

सोडा किती जुना आहे आठवत नसेल तर चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसला नाही तर नवा आणा. मैद्यात चहाचा एक सपाट चमचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ घालून चाळा. सोडा जास्त झाला की ब्रेड काळपट होतो आणि साबणासारखी चव येते. सुक्या खोबऱ्याचा कीस घालणार असाल तर ४० ग्रॅम मंद आचेवर बदामी भाजून ठेवा. सूर्यफुलाच्या बिया मात्र टाळा. सोड्यामुळे त्या आतून हिरव्या पडतात. खायला अपाय नाही, पण पाहुण्यांना समजावत कोण बसणार?

दोन अंडी अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा. १३० ग्रॅम साखर आणि ९० मिली बिनवासाचं तेल मोजून ठेवा. लोणी वापरलंत तर चव चांगली येते, पण दुसऱ्या दिवशी तेलाचाच ब्रेड मऊ असतो, म्हणून माझं मत तेलाला.

साचा साधारण ९ बाय ५ इंची घ्या. लांब बाजूंनी बाहेर लोंबेल असा बटर पेपर लावा, म्हणजे ब्रेड कान धरून उचलता येतो. ओव्हन १७५ अंशांवर तापत ठेवा, जाळी मधल्या खणात. लांब काडी आणि ब्रेड गार करायची जाळी हाताशी असू द्या.

आता केळ्याचा गर, अंडी, तेल, साखर फेटा, त्यावर मैदा ओता आणि उलथन्याने खालून वर दहा-बारा वेळा फिरवा. खोबरं आणि अननस शेवटच्या दोन फेऱ्यांत. गुठळ्या दिसल्या तरी हात आवरा. जास्त घोटलं की मैद्यातलं चिकट प्रथिन, म्हणजे ग्लुटेन, ताणतं आणि ब्रेड चिवट होतो. साचा दोन तृतीयांश भरून लगेच आत ढकला. ५५ मिनिटांनी काडी खुपसून बघा. तिला ओलं पीठ लागलं तर अजून दहा मिनिटं, आणि वरून फारच रंग चढत असेल तर फॉइल अलगद झाका. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं साच्यातच राहू द्या, मग जाळीवर काढा. सुरी पूर्ण गार झाल्यावरच लावा.