न्हाणीघरातला पंखा दोन पावसाळ्यांत का अडकला?

रत्नागिरीतल्या आमच्या न्हाणीघरात बसवलेला लोखंडी पात्यांचा एक्झॉस्ट पंखा दुसऱ्याच पावसाळ्यात घरघर करत बंद पडला. उघडून पाहिले, तेव्हा मोटरची गुंडाळी शाबूत होती. मात्र मोटरचा दांडा ज्या धातूच्या नळीत फिरतो त्या बुशमधले तेल आटून दांड्यावर गंज चढला होता आणि त्यामुळे तो हाताने फिरवतानाही अडत होता.

नवा पंखा घेताना मी पात्यांच्या आकारापेक्षा बांधणीकडे अधिक लक्ष दिले. प्लॅस्टिकचा सांगाडा, बंदिस्त बॉल बेअरिंग आणि कोणत्याही दिशेने उडणारे शिंतोडे सोसणारे आयपीएक्स४ मानांकन, एवढ्या तीन गोष्टी मी आग्रहाने पाहिल्या. दुकानदार ‘सगळे सारखेच असतात’ म्हणत राहिला, तरी खोक्यावरची बारीक अक्षरे वाचून पाहणेच मला योग्य वाटले.

आमचे न्हाणीघर सुमारे ७ घनमीटरचे आहे. तासाला दहा वेळा हवा बदलायची, तर ७० घनमीटर पुरतात, पण जाळी आणि झडप यांच्या अडथळ्याने प्रवाह घटत असल्यामुळे मी दुपटीहून अधिक क्षमतेचा १५० मिलिमीटरचा पंखा निवडला. तरीही आरसा धूसरच राहिला, कारण दार घट्ट बसत असल्याने आत हवा येण्यास वाटच नव्हती. दाराखाली बोटभर फट ठेवल्यावर आणि आंघोळीनंतर वीस मिनिटे पंखा चालू ठेवल्यावर वाफ निघून जाऊ लागली. बाहेरचीच हवा ओली असल्याने श्रावणात भिंती कोरड्या मात्र होत नाहीत.