बिब शॉर्ट: घ्यायची का, घ्यायची तर कशी, आणि धुवायची कशी

पोवई नाक्यावरून सकाळी सहाला निघायचं, बोगद्यातून यवतेश्वरचा घाट धरायचा आणि कासपर्यंत जाऊन यायचं, हा साताऱ्यातल्या सायकलवाल्यांचा ठरलेला रविवार. पाय पुरतात, दम पण हळूहळू पुरायला लागतो, पण बूड पुरत नाही. ग्रुपवर नवीन आलेला प्रत्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हेच विचारतो की सीट बदलू का, जेलचं कव्हर टाकू का. त्याचं उत्तर बऱ्याचदा सीटमध्ये नसतं, चड्डीत असतं. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

बिब म्हणजे गुडघ्याच्या जरा वर संपणारी टाइट लायक्राची चड्डी, कमरेला इलॅस्टिक नाही, त्याऐवजी खांद्यावरून जाणारे दोन पट्टे, पाठीला जाळीचं कापड आणि बुडाखाली पॅड. मॅटवरच्या कुस्तीत पैलवान घालतात थेट तसलं दिसतं. त्यामुळं कराडकडं राईडला गेलात आणि गोळेश्वरच्या आसपास चहाला थांबलात तर "काय पैलवान, आज कुठं कुस्ती?" हे ऐकायची तयारी ठेवा, ते खाशाबा जाधवांचं गाव आहे, १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिकचं ब्राँझ आणलेल्या माणसाचं, तिथं चेष्टा पण कुस्तीचीच होणार. पण लाज वाटायचं काही कारण नाही, वरून जर्सी असते, पट्टे कुणाला दिसत पण नाहीत.

आता साधी पॅडवाली शॉर्ट असताना हे पट्ट्याचं झंझट कशाला? सायकलवर आपण वाकून बसतो, वाकलं की पोटाला घडी पडते आणि कमरेचं इलॅस्टिक बरोबर त्या घडीत रुततं. सपाटीला, म्हणजे लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीपर्यंत जाऊन यायचं असलं तर ते जाणवत पण नाही. घाटात मात्र श्वास पोटातून घ्यावा लागतो, त्यात सकाळी पोहे हाणलेले असतात, मग तो पट्टा काचायला लागतो. सैल इलॅस्टिकची घेतली तर ती घामानं खाली सरकते, दर पाच मिनिटाला एक हात सोडून मागं ओढत बसायचं. आणि चड्डी सरकली की पॅड सरकतो, खरी गोम तिथं आहे. पॅड जिथं पाहिजे तिथनं दोन बोटं जरी हलला तरी त्याची शिवण मांडीच्या आतल्या बाजूला घासते आणि संध्याकाळी आंघोळीला गेल्यावर पाणी लागलं की कळतं कुठं कुठं सोलवटलंय. बिबमध्ये पट्टे वरून धरून ठेवतात म्हणून पॅड जागचा हलत नाही. बाकी फायदे वरकड आहेत, हा एक मेन.

वरकडमधला एक मला आवडतो तो म्हणजे थंडीतला. डिसेंबरात घाट चढताना घामानं भिजता आणि उतरताना वारं लागतं, जर्सी मागनं वर चढते, तेव्हा कंबर आणि पोट झाकलेलं राहतं ते बिबमुळं.

पण सगळ्यांनी घ्यावी असं माझं म्हणणं नाही. अर्धा-पाऊण तास गावातल्या गावात फिरता, राजवाडा ते एमआयडीसी कामाला सायकलनं जाता, तर हा खर्च करू नका, साधी पॅडेड शॉर्ट पण नको तुम्हाला. दीड-दोन तासाच्या वर बसायला लागलात की विचार करा. आणि बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड करणार असाल, जिथं २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तर मग विचार करत बसू नका, घ्याच.

आता पॅड. दुकानात गेलं की माणूस जाड पॅड शोधतो, जाड म्हणजे भारी असं वाटतं. तसं नाही हो. जाड आणि फुसका फोम अर्ध्या तासात दबून जातो आणि मग तुम्ही थेट सीटच्या बेसवर बसल्यासारखे बसता, वर त्या जाडीमुळं मांड्यांमध्ये गोळा झाल्यासारखं होतं ते वेगळंच. अंगठ्यानं दाबून बघा, लगेच तळाला टेकला तर ठेवून द्या, विरोध करत करत दबला आणि सोडल्यावर परत वर आला तर बरा आहे. आपण बसतो ते खुब्याच्या खालच्या दोन हाडांवर, पॅडचा घट्ट भाग बरोबर त्या दोन हाडांखाली आला पाहिजे, पुढं पातळ आणि मध्ये खाच असली तर अजून चांगलं, नस दबून मुंग्या येतात ते कमी होतं. तुमची ही दोन हाडं एकमेकांपासून किती लांब आहेत हे बघायचं असेल तर पन्हाळी पुठ्ठा घ्या, टीव्हीच्या खोक्याचा असतो तो, पायरीवर ठेवून त्यावर मिनिटभर जरा पुढं वाकून बसा, दोन खड्डे पडतील. एका खड्ड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत टेपनं मोजा. हा आकडा सीटची रुंदी बघताना पण कामाला येतो. बायकांची ही हाडं बहुतेक वेळा एकमेकांपासून जरा जास्त लांब असतात आणि त्यांचा पॅड वेगळ्या आकाराचा येतो, त्यामुळं नवऱ्याची जुनी बिब बायकोला, असं करू नका, दोघांचेही पैसे वाया.

साइज ऑनलाइन मागवताना नुसतं मीडियम-लार्ज बघून मागवू नका. परदेशी ब्रँडचा लार्ज आपल्याला कधी ढगळ होतो, कधी इकडचा एक्सएल पण मांडीला आवळतो. शिंप्याचा टेप घेऊन कंबर आणि बुडाचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा, चार्टशी जुळवा, उंची पण बघा कारण पट्ट्यांची लांबी उंचीवर जाते. परत घेणार का हे पण आधी वाचा, आतले कपडे म्हणून बरेच जण घेत नाहीत. किमती म्हणाल तर साधारण दोन हजारांच्या आसपास कामचलाऊ मिळते आणि बाहेरच्या नामांकित ब्रँडची पंधरा हजारांच्या पण वर जाते. सुरुवातीला मधली घ्या. एक महागडी घेण्यापेक्षा दोन मधल्या परवडल्या, का ते खाली धुण्यात येईल.

घालून बघताना आरशासमोर ताठ उभं राहून निर्णय घेऊ नका, इथं बरेच जण फसतात. ताठ उभं राहिलं की चांगली बसलेली बिबसुद्धा खांद्यावर ओढते, बुटकी झाल्यासारखी वाटते. ती उभं राहायला शिवलेलीच नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून हँडल धरल्यासारखे वाका, आता पट्टे आहेत हे विसरायला झालं पाहिजे. उभं राहून पण अजिबात ताण नसेल तर ती मोठी आहे, आणि वाकल्यावर पण खांदे दुखत असतील तर छोटी. पॅड अंगाला चिकटून पाहिजे, मध्ये पोकळी नको, घडी तर अजिबात नको. मांडीच्या ग्रिपरचा, म्हणजे पायाच्या कडेला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा, हलका वळ उठला तर चालतं, पण वरून मांडी फुगून बाहेर आली तर एक साइज वर जा. चढवताना नखानं ओढू नका, लायक्राला छिद्र पडतं, गोळा करून पायातनं थोडी थोडी वर घ्या.

आणि आतून अंडरवेअर घालायची नाही. हे दरवेळी सांगावं लागतं आणि दरवेळी कोणीतरी "म्हणजे काहीच नाही?" असं विचारतं. काहीच नाही. अंडरवेअरची शिवण आणि ओलं कॉटन हेच तर घासतं, ते काढण्यासाठीच पॅड आहे. दुकानात ट्रायलला तेवढी घाला, पुढच्या माणसाचा विचार करून.

लांबच्या राईडला जांघेत आणि जिथं घासतं तिथं क्रीम लावा, सायकलवाल्यांसाठी वेगळी मिळते. खोबरेल तेलावर पण काही जण भागवतात, थोडा वेळ चालतं, पण कापडात शोषलं जातं. व्हॅसलीन पॅडला लागली की धुवून निघता निघत नाही.

आता सगळ्यात अडचणीचा विषय. बाप्या माणसाला एक नंबरला जायचं असलं तर पुढचा भाग खाली ओढून काम होतं, कापड ताणतं, सवयीनं जमतं. दोन नंबरला मात्र जर्सी काढूनच पट्टे उतरवावे लागतात, म्हणून जर्सी पूर्ण चेनची घ्या आणि घरातनं निघायच्या आधी उरकून निघा. बायकांसाठी हा प्रश्न मोठा आहे, हायवेच्या ढाब्यावरच्या बाथरूममध्ये जर्सी काढून कुठं ठेवायची, खाली पाणी, खुंटी नाही. त्यांच्यासाठी मागून खाली ओढता येणारी किंवा पट्ट्याला हुक असलेली बिब मिळते, घेणार असाल तर तीच बघा. नाहीतर रुंद कमरपट्ट्याची साधी शॉर्ट जास्त सोयीची, बिबच पाहिजे असा हट्ट मी कुणाला सांगणार नाही.

राईड करून सज्जनगडावर दर्शनाला जायचं असेल तर पातळ ट्रॅक पँट गुंडाळून जर्सीच्या मागच्या खिशात टाका, पायऱ्यांच्या खाली पोचलात की बिबवरून चढवा. लायक्रावर मंदिरात जायला आपल्यालाच बरं वाटत नाही. तीच पँट गावात चहा-वडापावला पण कामाला येते.

घरी आल्यावर पहिलं काम, बिब काढणे. चहा घेत, फोटो टाकत त्याच ओल्या पॅडवर तासभर बसला की केसतोड नाहीतर गजकर्ण ठरलेलं, मग आठवडाभर सायकल भिंतीला. उलटी करून गार पाण्यात साध्या साबणानं हातानं धुवा, पॅडमधला साबण पूर्ण निघाला पाहिजे, राहिला की तो पुढच्या राईडला घामाबरोबर चावतो. कपडे मऊ करायचं लिक्विड टाकू नका, त्याचा थर बसतो आणि घाम शोषून बाहेर टाकायचं काम बंद पडतं. पिळा देऊन पिळू नका, पॅडचा फोम तुटतो. टॉवेलमध्ये गुंडाळून वरून पाय द्या, पाणी निघून जातं. वाळत घालायची सावलीत, मार्च-एप्रिलच्या गच्चीवरच्या उन्हात लायक्राचं रबर लवकर मरतं. इस्त्रीचं तर नावच काढू नका. आणि पावसाळ्यात आपल्याकडं जुलैला पॅड वाळायला दोन-दोन दिवस लागतात, म्हणून वर दोन घ्या म्हटलं. अर्धवट ओली घालण्यापेक्षा त्या दिवशी नाही गेलं तरी चालेल.

एवढं करून पण दुखत असेल तर सीटची उंची बघा. पेडल खाली असताना कंबर डावी-उजवी हलत असेल तर सीट उंच आहे, मग कितीही भारी बिब घाला, घासणारच. जेलचं कव्हर टाकलं असेल तर काढून टाका, पॅडखाली अजून एक गादी आली की हाडं आत रुततात आणि मधला भाग दबतो.

रंग काळाच घ्या. ग्रीसचा डाग दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे लायक्रा जुनी झाली की मागच्या बाजूला विरते, ते घालणाऱ्याला कळत नाही, मागनं येणाऱ्या सगळ्या ग्रुपला कळतं आणि कोणी सांगत नाही. वर्षातनं दोन-तीनदा बिब हातावर ताणून खिडकीसमोर धरा. पलीकडची बोटं स्पष्ट दिसायला लागली की ती घरातल्या ट्रेनरपुरती, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडपुरती ठेवा, रस्त्यावर नको.