गावाकडचं गाणं लिहिताय? या चुका टाळा

लग्नसराई जवळ आली की विदर्भात बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत गावोगावी नवी गाणी निघतात. नागपूर-अमरावतीच्या एखाद्या स्टुडिओतून ट्रॅक मोबाइलवर येतो, शब्द गावातलाच कोणीतरी लिहितो, गाणं यूट्यूबवर चढतं. लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. तरी महिनाभरात ते गाणं कोणाच्याच तोंडी राहत नाही. बहुतेक वेळा शब्द वहीत नीट बसलेले असतात आणि गळ्यात बसलेले नसतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

अक्षरं जुळली, ठेका चुकला

आपल्याकडे गाणं लिहिणारे बरेचजण भजनी मंडळात वाढलेले असतात. अभंग-ओवीच्या सवयीने ते अक्षरं मोजतात. खंजिरीवरच्या भजनात ते खपून जातं, कारण गाणारा स्वतःच अक्षर लांबवतो किंवा आखडतो. तयार ट्रॅकवर मात्र ठेका तुमच्यासाठी थांबत नाही. तिथे मात्रा मोजाव्या लागतात: ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन.

ही ओळ पाहा (पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, धुरा म्हणजे शेताचा बांध):

पऱ्हाटीच्या धुऱ्यावर
उभी कोन सांग मले

दोन्ही ओळींत आठ-आठ अक्षरं. मात्राही दोन्हीकडे 12. कागदावर काहीच चूक दिसत नाही. आता हीच ओळ दादरा तालात म्हणा. दादऱ्याचा ठेका सहा मात्रांचा, म्हणजे एका ओळीत ठेक्याच्या दोन फेऱ्या, दोन आवर्तनं. ‘उभी कोन’ सहा, ‘सांग मले’ सहा, दुसरी ओळ सरळ बसते. पण ‘पऱ्हाटीच्या’ सात मात्रांचा आहे. सहावी मात्रा ‘च्या’च्या मधोमध संपते आणि समेचा, म्हणजे नव्या आवर्तनाचा पहिला, ठोका शब्द तोडून पडतो. गाणारा मग ‘च्या’ गिळतो. ऐकणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण कुठेतरी खटकलं एवढं कळतं.

त्याऐवजी असं करून पाहा:

पऱ्हाटीत उभी कोन
नाव तिचं सांग मले

प्रत्येक तुकडा सहाचा. शब्द संपतो तिथेच आवर्तन संपतं. धुरा गेला याचं वाईट वाटत असेल तर तो अंतऱ्यात, म्हणजे पुढच्या कडव्यात, आणा. आणखी एक गोष्ट: पहिल्या मांडणीत पहिली ओळ ‘वर’वर संपत होती. ‘र’वर सूर लांबवता येत नाही, गाणाऱ्याला मागे एक ‘अ’ चिकटवावा लागतो. ‘मले’चा ‘ए’ मात्र हवा तेवढा ओढता येतो. जिथे चाल वर चढते किंवा सूर थांबतो, तिथे आ, ए, ओ असा उघडा स्वर हवा. ‘कष्ट’, ‘प्रश्न’, ‘गर्व’ असे शब्द तिथे ठेवलेत तर चांगला गायकही अडखळतो. एखाद्या जागी गायक दोनदा चुकला, तर आधी आपला शब्द बदला, मग त्याला दोष द्या.

तपासायला वाद्य लागत नाही. मांडीवर हाताने ठेका धरा आणि वही मिटून म्हणा. जिथे श्वास पुरत नाही, तिथे ओळ लांब झालेली असते.

अर्धी बोली, अर्धं पुस्तक

मुखड्यात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या पहिल्या ओळींत, ‘मले, तुले’ आणि अंतऱ्यात ‘मजला, तुजवाचून’ हे सर्रास दिसतं. कान लगेच ओळखतो की बोली वरून लावलेली आहे. बोलीत लिहायचं ठरवलं तर शेवटपर्यंत बोलीतच राहा, विशेषतः यमकात. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘काजय’ आणि ‘जवय’ यांचं यमक सुंदर जुळतं. पण वहीत एक ‘काजय’ आणि दुसरा ‘जवळ’ लिहिला, तर रेकॉर्डिंगच्या वेळी गाणारी पोरगी जसं लिहिलं तसंच वाचते आणि यमक मोडतं. म्हणून जसं म्हणायचं तसंच लिहा.

वऱ्हाडात बऱ्याच गावांत बाया स्वतःबद्दलही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. नायिकेच्या तोंडी ‘मी येते गं’ घातलं की ती बाई गावची राहत नाही. आणि भंडारा-गडचिरोलीकडच्यांनी वऱ्हाडी उसनी आणू नये, तुमच्याकडे झाडीबोली आहे. बोली म्हणजे फक्त हसवायची भाषा, हा समज तर आपणच मोडला पाहिजे. आपली आई याच बोलीत रडते आणि याच बोलीत लेक सासरी पाठवते.

मुखड्यात सगळंच कोंबलं

पऱ्हाटी, संत्रा, पळस, पोळा आणि शेगाव, सगळं दोन ओळींत. ही यादी झाली, गाणं झालं नाही. एक जागा निवडा आणि तिथेच थांबा. कापसाची वेचणी घेतली असेल तर बोंडाची टोकं बोटांना कशी टोचतात ते येऊ द्या, दुपारची सावली येऊ द्या. पूर्व विदर्भातले असाल तर धानाची रोवणी घ्या. गुडघाभर चिखलात वाकून रोवणाऱ्या बायांच्या हाताला जी लय असते, ती कुठल्याही ट्रॅकपेक्षा पक्की असते. नारळाची झाडं आणि समुद्राच्या लाटा मात्र सोडून द्या. आणि शेतकऱ्यावर लिहिताना तो गावात ज्या नावाने ओळखला जातो, त्याच नावाने त्याला हाक मारा. आपल्याकडे तो कास्तकार आहे.

मुखडा कसा असावा हे शिकायला भुलाबाईची गाणी ऐका. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी ती म्हणतात. प्रश्न, उत्तर, पुन्हा तोच प्रश्न. दुसऱ्या फेरीला नवी आलेली पोरगीही सूर धरते. तुमच्या मुखड्याचीही हीच परीक्षा घ्या: दोनदा ऐकल्यावर घरातल्या लहान लेकराला तो म्हणता आला पाहिजे.

अंतऱ्यांची चूक वेगळी असते. तिन्ही अंतरे एकच गोष्ट सांगतात: डोळे सुंदर, केस सुंदर, चाल सुंदर. दुसऱ्या अंतऱ्यात काहीतरी घडू द्या. वरच्या गाण्यातली ती पऱ्हाटीतली पोरगी पहिल्या अंतऱ्यात दिसली, तर दुसऱ्यात ती बोलावी आणि तिसऱ्यात वेचणी संपून ती आपल्या गावी निघावी. मग तोच मुखडा शेवटी वेगळा ऐकू येतो.

चाल दुसऱ्याची, सही आपली

गाजलेल्या हिंदी गाण्याच्या चालीवर मराठी शब्द बसवायची रीत भजनी मंडळांत जुनीच आहे. देवळात कोणी अडवत नाही. तेच यूट्यूबवर टाकलं की चालीचा मालक दावा लावू शकतो आणि व्हिडिओचे पैसे त्याच्याकडे वळू शकतात. शब्द तुमचे असले तरी चाल तुमची होत नाही.

उलट बाजूने, स्वतःचे शब्द फुकट देऊन टाकणं हीही मोठी चूक आहे, आणि गावाकडे ती फार होते. चहापाण्यावर गाणं दिलं, नाव कुठेच नाही. गीताचा कॉपीराइट गीतकाराच्या हयातीनंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे तो लेकराबाळांच्याही कामी येतो. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सही करूनही सोडता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. ‘सगळे हक्क कायमचे दिले’ असं छापलेला कागद समोर आला तर हे सांगा. हक्क किती काळासाठी दिले ते करारात लिहिलेलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे, तिचं सभासद होता येतं.

करार होईपर्यंत निदान एवढं करा: पूर्ण गीत तारखेसह स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, स्टुडिओवाल्याशी झालेलं पैशांचं बोलणं व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या, आणि व्हिडिओच्या खाली गीतकार म्हणून नाव येणार हे रेकॉर्डिंगच्या आधी कबूल करून घ्या.