भूगोलातील लघुप्रबंध: उद्दिष्टे लिहिण्याआधी पिक्सेल मोजा

पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी मी ओढ्याकाठच्या झाडोऱ्याचा विषय घेतला होता. तीस वर्षांत हा झाडोरा किती घटला, ते उपग्रह प्रतिमांवरून दाखवण्याचा बेत होता. साहित्याचा आढावा, उद्दिष्टे, अभ्यासक्षेत्राचा नकाशा, सारे वेळेत झाले. सहाव्या महिन्यात मार्गदर्शकांनी माझा नकाशा पाहून एवढेच विचारले, "ही झाडोऱ्याची पट्टी प्रत्यक्षात किती रुंद आहे?" मला उत्तर देता आले नाही.

टेप घेऊन मोजली, तेव्हा ती बहुतेक ठिकाणी १५ ते २० मीटर भरली. मी वापरलेल्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांचा एक पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन, मात्र ३० मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे ९०० चौरस मीटरचा होता. त्यामुळे निव्वळ झाडांचा पिक्सेल मिळणे जवळपास अशक्यच होते. प्रत्येकात झाडे, पाणी आणि शेजारचे शेत मिसळलेले असायचे आणि वर्गीकरणात, म्हणजे प्रत्येक पिक्सेल झाडी की शेत हे ठरवताना, तोच पिक्सेल एका वर्षी झाडी, तर दुसऱ्या वर्षी शेत ठरायचा. त्यातच दोन वर्षांच्या प्रतिमा परस्परांवर बसवताना अर्ध्या पिक्सेलचा फरक राहिला, तरी १५ मीटरची चूक होते, म्हणजे जवळजवळ माझ्या सबंध पट्टीएवढी. नकाशावर लाल रंगाने घट दाखवलेल्या एका जागी गेलो, तर तिथे दोन हातांच्या कवेत न मावणारी जुनी खोडे उभी होती.

हे आधी कळले नाही, कारण वर्गीकरणाची एकूण अचूकता चांगली दिसत होती. क्षेत्राचा मोठा भाग शेतीचा होता आणि शेती बरोबर ओळखली गेली की तो आकडा आपोआप वाढतो. म्हणून त्रुटी सारणीत (कोणता वर्ग किती वेळा बरोबर आणि किती वेळा चुकीचा ओळखला गेला, त्याच्या तक्त्यात) आपल्याला हव्या असलेल्या वर्गाची ओळ आणि स्तंभ स्वतंत्रपणे पाहा. एकूण अचूकतेवर विसंबून राहणे ही सरळसरळ चूक आहे. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या काही वर्णपट्ट्यांत (बँड) पिक्सेल १० मीटरचा असतो, परंतु त्या प्रतिमा २०१५ पासूनच्या असल्याने तीस वर्षांच्या प्रश्नाला त्यांचा उपयोग नव्हता. तयार भूआच्छादन नकाशे (जमिनीवर कुठे झाडी, शेत, पाणी आहे ते दाखवणारे) उतरवून घेण्याच्या सोप्या वाटेबद्दल माझे मत कडक आहे: ज्याच्या चुका आपण तपासलेल्या नाहीत, त्यावर प्रबंध उभा करू नये.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. मी तुलनेचा काळ सोडून दिला आणि पट्टी आज कुठे किती रुंद आहे व शेजारच्या जमीनवापराशी तिचा काय संबंध आहे, हे पट्टीला आडव्या छेदणाऱ्या रेषा आखून जागेवर मोजले. आढावा आणि जीपीएस नोंदी जशाच्या तशा कामी आल्या. पहिल्याच भेटीत विषयाला होकार देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा असा प्रश्न विचारणारा मार्गदर्शक शोधा, आणि त्यांना रंगवलेल्या नकाशाआधी मूळ प्रतिमा दाखवा. मी ती दाखवली असती, तर हाच प्रश्न पहिल्या महिन्यात आला असता. फसलेले नकाशे मी पद्धतीच्या प्रकरणात कारणांसह ठेवले आणि तोंडी परीक्षेत सर्वाधिक चर्चा त्याच चार पानांवर झाली.