गाडीसाठी सायकल रॅक घेताना या चुका टाळा

हिवाळा लागला की शनिवारी संध्याकाळी मला फोन येऊ लागतात. "काका, रॅक आलाय. जरा लावून द्याल का? पहाटे चारला निघायचंय." मी पाना, ओलं फडकं आणि जुन्या ट्यूबचे तुकडे पिशवीत टाकून जातो. पार्किंगमध्ये खोकं फोडलेलं असतं, शेजारी गाडी उभी असते, आणि बघताक्षणीच कळतं की हा रॅक या गाडीवर बसणारा नाही. परत पाठवायला वेळ उरलेला नसतो आणि राइड कुणालाच सोडायची नसते. मग ते ठरलेलं वाक्य येतं: "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बसवू कसातरी." या वाक्यापायी झालेलं नुकसान मी जेवढं पाहिलंय, तेवढं खड्ड्यांपायी झालेलंही पाहिलेलं नाही.

मूळ चूक एकच. लोक सायकल डोळ्यांसमोर ठेवून रॅक शोधतात. किती सायकली मावतील, किंमत किती, फोटोत कसा दिसतो, एवढंच बघतात. पण रॅकचा सगळा भार गाडी पेलणार असते. म्हणून आधी गाडीचं टप, डिकी आणि सायलेन्सर नीट बघायचा. सायकलींचा हिशोब त्यानंतर.

पट्ट्यांचा रॅक मिळेल तिथे अडकवणे

डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा रॅक सगळ्यात स्वस्त, म्हणून पहिला रॅक बहुतेकांचा हाच असतो. रॅक वाईट नाही. माझ्याकडेही अनेक वर्षं होता. पण त्याचं सगळं वजन पट्ट्यांच्या टोकांच्या हुकांवर येतं, आणि ते हुक डिकीच्या पत्र्याच्या कडेतच बसले पाहिजेत. आजच्या बऱ्याच हॅचबॅकना मागच्या काचेवर स्पॉयलर असतो आणि तो प्लॅस्टिकचा असतो. रंग बॉडीचाच असल्यामुळे नवख्या माणसाला तो पत्राच वाटतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही पसरणी घाट चढायला वाईला निघालो होतो. ग्रुपमधल्या एका तरुणाने नव्या गाडीवर नवा रॅक आदल्या रात्री स्वतःच लावला होता. तीन सायकली. कात्रजच्या पुढे मी त्याच्या मागे लागलो, तेव्हा पहाटेच्या अंधारात माझ्या हेडलाइटमध्ये तीन सायकली एकदम डावीकडे आणि मग उजवीकडे झुकताना दिसल्या. खेड-शिवापूरच्या टोल नाक्यावर थांबवून बघितलं, तर वरचे दोन्ही हुक स्पॉयलरवर. मी म्हटलं, दोन सायकली उतरवून माझ्या गाडीत टाकू. तो म्हणाला, "काका, इथवर आलाय ना, येईल." मी आग्रह धरला नाही. ती माझी चूक.

खंबाटकी चढून उतरलो आणि सुरूर फाट्याला चहाला थांबलो. गाडीतून उतरताच जळक्या रबराचा वास आला. पट्टे सैल होऊन पूर्ण रॅक चार बोटं खाली आला होता आणि सगळ्यात आतल्या सायकलीचं पुढचं चाक नेमकं सायलेन्सरच्या तोंडासमोर जाऊन बसलं होतं. घाटात इंजिन खालच्या गिअरमध्ये तापलेलं, त्यामुळे तो गरम धूर बराच वेळ टायरवर येत राहिला. टायरच्या बगलेला रुपयाच्या नाण्याएवढा फुगा आला होता, कडा काळ्या आणि चिकट. मी हवा सोडायला वाकणार तोच ट्यूब फुटली. टपरीवरची माणसं दचकून उठली. स्पॉयलरला एका कोपऱ्यातून वीतभर तडा गेलेला. त्या मुलाने तीन महिने पैसे साठवून घेतलेली सायकल पहिल्याच मोठ्या राइडला चाकाविना उभी राहिली, आणि तो दिवसभर वाईत आमची वाट बघत बसला.

तेव्हापासून मी फ्रिजवरचं एक लोहचुंबक पिशवीत ठेवतो. जिथे हुक बसवायचा तिथे आधी चुंबक लावून बघतो. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर प्लॅस्टिक किंवा काच, आणि तिथे हुक लावायचा नाही. कडेला कुठेच पत्रा नसेल तर त्या गाडीला पट्ट्यांचा रॅक नाही, विषय संपला. खालचे हुकही बंपरच्या प्लॅस्टिकला नकोत.

पत्रा आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा. रॅक पत्र्याला टेकतो त्या गादीखाली धुळीचा एक कण राहिला तरी शंभर किलोमीटरमध्ये तो रंगावर सॅंडपेपरसारखा फिरतो. हुकाखाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवायचा. पट्टे आवळताना एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेऊ नका, आलटून पालटून घ्या, नाहीतर रॅक तिरका बसतो. उरलेली टोकं गुंडाळून बांधा, फडफडणारा पट्टा बकलमधून हळूहळू सुटत जातो. आणि निघाल्यावर दहा किलोमीटरला थांबायचंच. नवा पट्टा भार आल्यावर थोडा ताणतो, त्यामुळे पहिल्या दहा किलोमीटरनंतर तो पुन्हा आवळावाच लागतो. मी प्रत्येक घाटानंतर थांबतो. बरोबरच्या लोकांना कंटाळा येतो, येऊ दे.

सायलेन्सरसाठी माझी पद्धत साधी आहे. सायकली चढवल्यावर गाडी पाच मिनिटं चालू ठेवायची आणि खालच्या चाकापाशी तळहात धरायचा. उभ्या गाडीत हाताला ऊब लागली तर घाटात टायर जळणार. मग ते चाक काढून गाडीत टाकायचं. बाकीची चाकं फ्रेमला पट्ट्याने बांधायची, म्हणजे ती फिरतही नाहीत आणि वळतही नाहीत.

टपावरच्या रेलिंगवर आंधळा विश्वास

ही माझी दुसरी जुनी तक्रार. वरच्या मॉडेलला टपावर दोन चंदेरी रेलिंग असतात. माणूस ती बघतो, क्रॉसबार म्हणजे टपावर आडवे बसणारे दांडे मागवतो, रेलिंगला आवळतो, वर दोन सायकली ठेवतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांवर ही रेलिंग फक्त दिसायला असतात. प्लॅस्टिकची, टपाला क्लिपांनी किंवा चिकटपट्टीने धरलेली. त्यांच्यावर वजन टाकायचं नसतं, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण पुस्तिका ग्लोव्हबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतच पडून राहते.

रेलिंगवर टिचकी मारून किंवा हाताने हलवून परीक्षा घेणारे लोक आहेत. तसं करू नका. भक्कम लागणारं रेलिंगही भार पेलणारं असेलच असं नाही. पुस्तिकेत टपावरच्या वजनाची मर्यादा शोधा. काही कंपन्या माहितीपत्रकातच "रेलिंग भार पेलू शकतात, मर्यादा ५० किलो" असं छापतात. काहींनी टपावर काहीच लादू नका असं स्पष्ट म्हटलेलं असतं. मग कितीही आवडलेला रॅक असला तरी तो सोडून द्यायचा.

आकडा मिळाला की वजनांची बेरीज करा, आणि ती करताना रॅकचं वजन विसरू नका. समजा मर्यादा ५० किलो आहे. क्रॉसबारची जोडी साधारण ५ किलो. सायकल धरणारे दोन ट्रे प्रत्येकी ४ किलो, म्हणजे ८. हायब्रिड सायकली दोन, प्रत्येकी १४ किलो, म्हणजे २८. एकूण ४१. इथे थांबायचं. तिसरी सायकल आणि तिचा ट्रे धरला की ५९ होतात. "नऊ किलोने काय होतंय?" असं मला दर वेळी विचारलं जातं. उभ्या गाडीला काही होत नाही. पण समोर म्हैस आल्यावर तुम्ही करकचून ब्रेक मारता, किंवा घाटात वळणावर वारा आडवा लागतो, तेव्हा ते वजन टपाच्या पकडीला खेचतं. मर्यादा त्या क्षणासाठी दिलेली असते.

रेलिंग नसलेल्या गाडीला क्रॉसबार लावता येत नाही असंही नाही. दाराच्या चौकटीत पकडणारे पाय मिळतात, मात्र त्यांचा संच त्या त्या मॉडेलसाठी वेगळा असतो. मित्राच्या गाडीचा संच "जवळजवळ बसतोय" म्हणून लावू नका. आणि टपाला भोक पाडून देणाऱ्या कारागिराकडे जाऊच नका. पहिल्या पावसाळ्यातच पाणी आत येतं.

थोडक्यात आटोपणाऱ्या, पण रोज दिसणाऱ्या

कार्बनची सायकल फ्रेमला चिमटा लावून धरणाऱ्या रॅकवर ठेवू नका. कार्बनची नळी आवळल्यावर आतून चिरते आणि वरून काही दिसत नाही. चाकांना धरणारा किंवा फोर्कला, म्हणजे पुढचं चाक बसतं त्या दुबेळक्याला, धरणारा रॅक घ्या.

फोर्कवर बसणारा रॅक घेण्याआधी सायकलीचा अ‍ॅक्सल, म्हणजे पुढच्या चाकाच्या मधला दांडा, बघा. जुना क्विक रिलीज ९ मिलीमीटरचा, डिस्क ब्रेकच्या नव्या रोड सायकलींना बहुतेक १२ मिलीमीटरचा थ्रू अ‍ॅक्सल. एकाचा रॅक दुसऱ्याला बसत नाही, मधला जोड वेगळा घ्यावा लागतो. आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचं चाक काढलं की पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घाला. कुणी सहज लीव्हर दाबली तर पॅड एकमेकांना भिडतात, आणि पहाटे पाच वाजता बॅटरीच्या उजेडात ते उघडत बसावं लागतं.

लेडीज सायकलला वरची आडवी नळी नसते. तिच्यासाठी सीटपोस्ट ते हँडल असा जोडायचा दांडा मिळतो, तो घ्या. सायकल तिरकी लटकवून नेऊ नका.

लहान मुलाची सीट, बाटल्या, पंप, दिवे काढून गाडीत ठेवा. सायकलींवर ताडपत्री किंवा कव्हर घालू नका. धूळ बसू नये म्हणून घालतात, पण वेगात त्याचं शीड होतं आणि सगळा ताण पट्ट्यांवर जातो.

मागच्या रॅकने नंबर प्लेट किंवा ब्रेकचे दिवे झाकले जात असतील तर तो रॅक तुमच्यासाठी नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट पक्क्या लॉकने बसवलेली असते, ती काढून रॅकवर लावता येत नाही. सायकली उंच धरणारा रॅक शोधा. पोलिसांनी अडवलं तर चूक तुमचीच असते, हुज्जत घालू नका. आणि मागचा वायपर बंद ठेवा. बऱ्याच गाड्यांत पुढचे वायपर चालू असताना रिव्हर्स टाकला की तो आपोआप फिरतो आणि स्पोकमध्ये अडकतो.

कोकणात जाणाऱ्यांनो, जेटीचा उतार लक्षात ठेवा. दाभोळ-धोपावे फेरीत चढताना पुढची चाकं वर जातात आणि गाडीचा मागचा भाग खाली झुकतो. मागे लटकलेली सायकल तिथे काँक्रीटला घासते. एकाला खाली उभं करून बघायला सांगा, नाहीतर सायकल उतरवून हातात धरून फेरीत चढा. पाच मिनिटं जातात.

सुतळी आणि हुकवाल्या रबरी दोऱ्यांबद्दल मला फार बोलायचं नाही. एकेकाळी एसटीच्या टपावर सायकली जायच्या, पण त्या लोखंडी कॅरिअरला कठडा होता आणि बांधणारा माणूस रोज तेच काम करत होता. रबरी दोरी ताणली जाते, म्हणजेच सायकल हलते. ती जास्तीची म्हणून चालेल, एकटी नाही.

वेग मी ८० च्या वर नेत नाही. रस्ता मोकळा असला तरी.

टपावर सायकल आहे हे विसरणे

ही चूक हुशार, अनुभवी माणसं करतात, आणि करतात ती परतताना. हॅचबॅक साधारण दीड मीटर उंच. वर क्रॉसबार, ट्रे आणि उभी सायकल धरली की पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. मॉलच्या आणि सोसायट्यांच्या बेसमेंटला पाटी असते २.१ किंवा २.२ मीटरची.

माझा एक मित्र, अतिशय काटेकोर माणूस, २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करून आला. त्या राइडला साडेतेरा तास मिळतात, आणि त्या दिवशी वाऱ्यामुळे त्याला जवळजवळ तेवढेच लागले होते. रात्री साडेनऊला तो सोसायटीत शिरला, रिमोट दाबला, गेट उघडलं, आणि रोजच्या सवयीने उतारावरून खाली गेला. बीमने सायकल मागे ढकलली. फोर्क मुळापासून तुटला, पुढचा क्रॉसबार वाकला, आणि दाराच्या चौकटीला पाय धरले होते तिथे पत्रा चेपला. आवाज ऐकून बायको-मुलं खाली धावत आली. त्यांना वाटलं त्यालाच काही झालं. तो गाडीत सुन्न बसून होता.

आता आम्ही दोघंही काढलेलं पुढचं चाक डिकीत न टाकता शेजारच्या सीटवर ठेवतो, बेल्ट लावून, म्हणजे मान वळवली की दिसतं. गेटचा रिमोट निघतानाच घरी ठेवतो. परत आल्यावर हॉर्न देऊन वॉचमनना उठवावं लागतं. त्यांना सांगून ठेवलंय, टपावर सायकल दिसली तर मी कितीही हॉर्न वाजवला तरी गेट उघडायचं नाही.