आधी तारखा मांडा: कॅन्सरचं निदान उशिरा झालं, तर त्यात हलगर्जीपणा होता का हे कसं पारखावं

अण्णांच्या छातीचा पहिला फोटो निघाला ६ जूनला. कॅन्सर हा शब्द आम्ही ऐकला १४ नोव्हेंबरला. मधले पाच महिने ते टीबीच्या गोळ्या खात होते. मी बाजार समितीत हिशेबाचं काम करते, त्यामुळे डोकं सुन्न झालं तरी हात वहीकडे गेला. डावीकडे तारीख, मध्ये काय घडलं, उजवीकडे त्याचा कागद. पुढे वकिलांनी सगळ्यात आधी हीच वही मागून घेतली. तुमच्या घरात असं काही झालं असेल, तर सुरुवात इथूनच करा. अर्थात उपचार आधी. केमो सुरू होईपर्यंत आम्ही तक्रारीचा विषयही घरात काढला नव्हता.

कागद तोंडी मागू नका. अर्ज लिहा, तारीख घाला, पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने कागदपत्रं मागितली, तर ती ७२ तासांत द्यावी लागतात. ॲडमिट असलेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे असतात. ओपीडीचा केस पेपर मात्र बऱ्याच ठिकाणी दवाखान्यातच राहतो, त्याची झेरॉक्स लवकर घ्या. मेडिकलची बिलं टाकू नका. गोळ्या कधी सुरू झाल्या, कधी बदलल्या, हे आमच्याकडे त्या चुरगळलेल्या बिलांवरूनच सिद्ध झालं. टीबीचा उपचार झाला असेल तर निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवरची नोंद विचारा, कारण खासगी डॉक्टरांनाही टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. बायोप्सी झाली असेल तर रिपोर्टवर थांबू नका. काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक सही करून लॅबमधून घ्या. दुसरीकडे मत घेताना तेच लागतात.

आता त्या ६ जूनच्या ओळीबद्दल. तिथे मी आधी नुसतं ‘छातीचा फोटो’ लिहिलं होतं. फोटोच्या पाकिटात घडी घातलेला रिपोर्ट होता, तो आमच्यापैकी कुणीच वाचला नव्हता. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग. मग प्रश्नचिन्ह आणि ‘कॉक्स’. पुन्हा प्रश्नचिन्ह आणि ‘निओप्लाझम’. शेवटी ‘सजेस्ट सीटी थोरॅक्स’. कॉक्स म्हणजे टीबी, निओप्लाझम म्हणजे गाठ. सीटी करून बघा, असं फोटो वाचणाऱ्याने पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं.

हे वाचून माझा भाऊ त्याच रात्री दवाखान्यात जायला निघाला होता. मी त्याला अडवलं. नुसतं निदान चुकलं म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं कायदा मानत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलेली कसोटी अशी: त्या विषयातला सर्वसाधारण कुशल डॉक्टर त्या वेळी, त्याच माहितीवर जे करेल, ते या डॉक्टरने केलं का? आपल्याकडे टीबी घरोघरी आहे, फोटोत दोन्ही आजारांचे डाग सारखे दिसू शकतात. जूनमध्ये आधी टीबीचा विचार करणं मला आजही समजून घेता येतं.

२२ ऑगस्ट मात्र मला समजून घेता येत नाही. तोपर्यंत बेडका दोनदा तपासून झाला होता, दोन्ही वेळा टीबीचे जंतू नाहीत. दोन महिन्यांहून जास्त गोळ्या झाल्या होत्या. वजन ६१ वरून ५४ वर आलं होतं आणि खोकल्यातून रक्त पडतंय हे अण्णांनी स्वतः सांगितलं होतं. गोळ्या लागू पडत नसतील तर निदानच पुन्हा तपासायचं असतं. केस पेपरवर त्या दिवशी लिहिलंय: वजन ५४, ‘कंटिन्यू’. तुमच्या वहीत अशी तारीख शोधा. ज्या दिवशी कागद डॉक्टरांच्या समोर होता, पुढची तपासणी काय हे ठरलेलं होतं आणि ती सांगितली गेली नाही, तो दिवस. तुमची तक्रार त्या दिवसावर उभी राहते, एकूण किती महिने गेले यावर नाही.

स्वतःच्या बाजूच्या चुकाही त्याच वहीत लिहा. गौरी-गणपतीत अण्णा दवाखान्याची एक तारीख चुकले होते. समोरची बाजू ते काढणारच. आणि राग आला म्हणून सगळ्यांना गोवू नका. गल्लीतल्या ज्या डॉक्टरांनी दोन आठवडे खोकल्याचं औषध देऊन मग लगेच फोटोला पाठवलं, त्यांचं नाव घालायचा भावाचा आग्रह होता. वहीत त्यांच्या नावापुढे काहीच निघालं नाही, म्हणून आम्ही ते घातलं नाही.

सगळ्यात अवघड असतं ते उशिरामुळे नेमकं काय बिघडलं हे दाखवणं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी उजेडावर लावले. जूनचा डाग सुपारीएवढा, नोव्हेंबरचा लिंबाहून मोठा. पण तेव्हा सीटीच झाला नव्हता, त्यामुळे जूनमध्ये स्टेज कोणती होती हे खात्रीने सांगता येणार नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. इंग्लंडमध्ये ग्रेग विरुद्ध स्कॉट या खटल्यात काखेतल्या गाठीचं निदान नऊ महिने लांबलं, बरं होण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ वर आली, तरी २००५ मध्ये तो रुग्ण हरला, कारण वेळेत निदान होऊनही तो बरा न होण्याचीच शक्यता जास्त होती. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण हा प्रश्न इथेही विचारला जातोच. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून स्टेज, गाठीचं माप आणि आता कोणता उपचार शक्य राहिला नाही, हे लेखी घ्या.

‘त्या डॉक्टरांची चूक आहे का?’ असं विचारलंत तर कुठलाही डॉक्टर गप्प बसेल. मी विचारलं, ‘ऑगस्टमध्ये हे सगळे कागद तुमच्यासमोर आले असते, तर तुम्ही काय केलं असतं?’ त्याचं उत्तर मिळालं, लेखीसुद्धा. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव यांच्या खटल्यात सांगितलंय. तिथे मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. पण कॅन्सरच्या बाबतीत लेखी मताशिवाय जाऊ नका.

भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. डॉक्टरांना दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. रुग्ण गेला असेल तर वारस तक्रार करू शकतात. मुदत दोन वर्षांची आहे. आम्ही ती १४ नोव्हेंबरऐवजी २२ ऑगस्टपासून मोजली, म्हणजे वादाला जागाच नको. जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात त्या सरकारी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, त्याला दिवाणी न्यायालय आहे. डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. तिथे पैसे मिळत नाहीत. पोलिसांत जायची घाई करू नका, फौजदारी गुन्ह्याला फार ढोबळ निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

आयोगाची नोटीस मिळाल्यापासून डॉक्टरांना उत्तराला ३० दिवस असतात, फार तर आणखी १५. आमच्या प्रकरणात उत्तर आलंय: ‘सीटी करायला तोंडी सांगितलं होतं.’ वहीत २२ ऑगस्टच्या ओळीला केस पेपरची झेरॉक्स टाचलेली आहे. पुढच्या तारखेला मूळ केस पेपर हजर करायला सांगावं, असा अर्ज आम्ही देतोय.