बियांपासून तरवड वाढवताना

सोलापूरकडच्या मुरमाड माळांवर आणि रस्त्यांच्या कडेला पिवळ्याधमक फुलांची जी झुडपे दिसतात, त्यांत तरवड हमखास असतो. नवरात्रात घटावर याच फुलांची माळ चढते, आणि शेजारच्या तेलंगणात तर ‘तंगेडू’ या नावाने हे राज्यपुष्प आहे. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर उपपर्णे दिसली, की ओळख पक्की समजावी. सेन्ना ऑरिक्युलाटा या शास्त्रीय नावातला ‘कान’ तोच.

शेंगा चपट्या आणि कागदासारख्या पातळ असतात. त्या झाडावरच पूर्ण तपकिरी होऊन वाळल्यावर काढाव्यात आणि ज्या बियांना बारीक गोल भोक दिसेल त्या टाकून द्याव्यात, कारण त्या आतून किड्याने पोखरलेल्या असतात.

खरी अडचण बियांच्या कठीण कवचाची आहे. ते पाणी आत शिरू देत नाही, म्हणून तशाच पेरलेल्या बियांपैकी पुष्कळशा मातीत नुसत्या पडून राहतात. पाण्याला उकळी आली की भांडे खाली उतरवावे, मिनिटभर थांबून ते पाणी वाटीतल्या बियांवर ओतावे आणि बिया रात्रभर त्यातच राहू द्याव्यात. सकाळी फुगून मऊ झालेल्या बिया लगेच पेरायच्या. ज्या कालच्यासारख्याच टणक राहिल्या असतील, त्यांची एक कड पॉलिश पेपरवर हलकेच घासून पुन्हा भिजवायच्या. विस्तवावर ठेवून बिया उकळू मात्र नयेत, त्या मरतात.

जूनच्या सुरुवातीला, खोल पिशवीत, साधारण एक सेंटीमीटर खाली बी टोकावे. सोटमूळ झपाट्याने खाली जाते, त्यामुळे रोप वीतभर झाले, की मुळे पिशवीच्या तळाशी वळण्याआधीच, भर पावसाळ्यात ते जमिनीत लावावे. दोन रोपांत सव्वा ते दीड मीटर अंतर पुरते. जागा भरपूर उन्हाची आणि निचऱ्याची हवी. चोपण काळ्या मातीत, जिथे पाणी साचते तिथे, लावायचेच असेल तर मुरूम घालून उंचवटा करून घ्यावा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी द्यावे, पुढे तेही लागत नाही. माझ्या मते तरवड तहानेपेक्षा माळ्याच्या मायेनेच जास्त मरतो.

शेंगवर्गीय असला, तरी हरभऱ्यासारख्या नत्राच्या गाठी याच्या मुळांवर धरत नाहीत, तेव्हा जमीन सुधारेल या आशेने तो लावू नये. कुंपणासाठी मात्र उत्तम, कारण शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. बहर ओसरल्यावर शेंडे छाटले, की झुडूप बुंध्यापासून भरते. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या, तर फवारणीची घाई करू नये. त्या बहुधा फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात आणि खाल्लेल्या फांदीला लवकरच नवी पालवी येते.